निश्चयाचा पाया : फादर नीळकंठशास्त्री गोऱ्हे यांचे जीवन



आषाढीला पंढरीची वाट धरणाऱ्या वारकऱ्याच्या मनात विठ्ठलाविषयी तिळमात्र संदेह नसतो. पहाटेची अजान कानी पडताच अंथरूण सोडणारा मुसलमान बांधव ईश्वराच्या एकत्वाची साक्ष देताना अडखळत नाही. आपणही रविवारी मंडळीबरोबर उभे राहून विश्वासांगीकार म्हणतो. मग या तिघांच्या निश्चयात फरक तो कोणता? निश्चय सर्वांचा सारखाच, केवळ नावे वेगळी, असे पुष्कळ सुशिक्षित लोक म्हणतात. याउलट, खरा निश्चय काय तो आपल्यालाच लाभला आहे, इतरांची केवळ अंधश्रद्धा, असे आपल्यांतील काही जण म्हणतात. ही दोन्ही उत्तरे फार घाईने दिलेली आहेत, असे मला वाटते.

पवित्र शास्त्राच्या भाषांतराचे काम करताना या प्रश्नाशी शब्दांच्या वाटेनेही गाठ पडते. लॅटिन विश्वासांगीकाराचा पहिला शब्द ‘क्रेदो’ आणि आपला ‘श्रद्धा’ हा शब्द एकाच प्राचीन मुळापासून निघाले, असे भाषाशास्त्र सांगते. विश्वासासाठी जुन्या करारात येणारा इब्री शब्द ‘एमुना’ आणि मुसलमान बांधवांचा ‘ईमान’ हेही एकाच धातूचे. आपले ‘आमेन’ त्याच घराण्यातले. म्हणजे शब्द तरी सख्खी भावंडे आहेत. परंतु भांडी एका कुंभाराची असली, म्हणून त्यांत भरलेले पाणीही एकाच विहिरीचे असते काय?

या प्रश्नाचा विचार पुस्तकी व्याख्यांनी करण्यापेक्षा एका माणसाच्या आयुष्याच्या आधारे करू या. दोन धर्मांतील निश्चय ज्याने आतून अनुभवला आणि ज्याला दोहोंचीही भारी किंमत मोजावी लागली, असा हा माणूस आपल्याच मराठी घराण्यातला होता.

काशीतील शास्त्री

नीळकंठ गोऱ्हे यांचा जन्म १८२५ च्या फेब्रुवारीत बुंदेलखंडात एका चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. मूळचे कोकणातील हे घराणे उत्तरेत गेले व बांद्याच्या नबाबाच्या आश्रयाने नावारूपास आले. नीळकंठांचे बालपण आणि शिक्षण मात्र काशीत झाले. संस्कृत व्याकरण आणि न्यायशास्त्र यांत त्यांची बुद्धी कुशाग्र ठरली. घरातील उपासना शिवाची होती. परंतु ग्रंथांचा अभ्यास करताना त्यांना विष्णूचे श्रेष्ठत्व पटले आणि ते वैष्णव झाले. ही गोष्ट लहान वाटली तरी तिच्यावरून त्यांचा स्वभाव ओळखता येतो. परंपरेने हाती दिलेले ते आदराने घेत, पण तपासल्याशिवाय ठेवीत नसत.

त्या काळी काशीत चर्च मिशनरी सोसायटीचे विल्यम स्मिथ हे मिशनरी काम करीत होते. नीळकंठशास्त्री त्यांच्याकडे गेले ते शिकण्यासाठी नव्हे, तर त्यांचा पराभव करण्यासाठी. स्मिथ यांनी त्यांच्या हाती जॉन म्यूर यांचा ‘मतपरीक्षा’ हा ग्रंथ दिला. म्यूर हे ईस्ट इंडिया कंपनीचे अधिकारी आणि संस्कृतचे चांगले जाणकार होते. संस्थापकाचे सामर्थ्य, शास्त्राची पवित्रता आणि त्याचे सर्वांसाठी असणे या कसोट्यांवर कोणता धर्म खरा ठरतो, हे त्यांनी संस्कृत श्लोकांतून मांडले होते.

नीळकंठशास्त्र्यांनी १८४४-४५ च्या सुमारास ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ हा ग्रंथ लिहून त्यास उत्तर दिले. त्यांचे वय तेव्हा अवघे एकोणीस-वीस वर्षांचे होते. आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने हे उत्तर फार महत्त्वाचे आहे. त्यांचे म्हणणे असे होते की, धर्माच्या बाबतीत आधी श्रद्धा आणि मग तर्क. ज्याच्या मनात श्रद्धा नाही त्याला कोणत्याही शास्त्रात दोष दिसतील. मिशनरी ज्या तर्काची सुरी हिंदू शास्त्रांवर चालवितात, तीच त्यांच्या शास्त्रावर चालविली तर तेही रक्तबंबाळ होईल. पूर्वजन्मच नसेल तर तान्ह्या बालकाला दुःख का? मर्यादित पापाला अमर्याद शिक्षा कशी? ज्यांच्या कानी येशूचे नावच पडले नाही त्यांचे काय? हे त्यांचे प्रश्न आजही कोणी विचारले तर आपल्या धर्मशिक्षकांना घाम फुटेल.

शिवाय निरनिराळ्या मार्गांची व्यवस्था ते अधिकारभेदाने लावीत. ज्याची जेवढी योग्यता, तेवढा त्याचा मार्ग. मात्र सर्व मार्ग सारख्याच मोलाचे आहेत, असे काही त्यांनी म्हटले नव्हते; वेदमार्गच श्रेष्ठ, याविषयी त्यांना शंका नव्हती. वाचकहो, हा तरुण शास्त्री निश्चयाच्या बाबतीत कोणत्याही मिशनऱ्याला हार जाणारा नव्हता, हे आपण मोकळेपणाने मान्य केले पाहिजे.

उंबरठा

परंतु त्यांच्याच युक्तिवादात एक काटा दडलेला होता. श्रद्धा ही तर्काच्या आधी यावयाची, असे एकदा म्हटले, की प्रत्येक धर्माचा मनुष्य तेच म्हणू शकतो. मग जो दोन श्रद्धांच्या मध्ये उभा आहे, त्याने कोणता आधार धरावा? खंडनासाठी म्हणून वाचलेले नवीन कराराचे पुस्तक नीळकंठशास्त्र्यांना सोडीना. डोंगरावरील प्रवचनाने त्यांच्या मनाची पकड घेतली. ज्या पुस्तकाचे दोष शोधावयाचे, तेच आपले दोष शोधू लागले आहे, असा अनुभव अनेकांना येतो. त्यांनाही तो आला.

हा झगडा काही वर्षे चालला. मनाने पुढे जावे आणि घराच्या ओढीने परतावे, असे घडत राहिले. अखेर १४ मार्च १८४८ रोजी, काशीत गडबड होऊ नये म्हणून, काही कोसांवरील जौनपूर येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. नहेम्या हे नाव त्यांनी घेतले. यरुशलेमचा पडलेला तट पुन्हा बांधणाऱ्याचे हे नाव. पण त्या दिवशी त्यांच्या मागे त्यांच्याच घराची भिंत कोसळत होती. जात गेली, मान गेला, आप्त दुरावले. पुढे त्यांची पत्नी त्यांच्याकडे आली व तिनेही बाप्तिस्मा घेतला. परंतु १८५३ साली कन्येच्या जन्मानंतर थोड्याच दिवसांत ती मरण पावली.

एखादी साक्षीची पुस्तिका येथे थांबली असती. पूर्वी अंधार होता, आता प्रकाश आला. पूर्वी शंका होती, आता निश्चय आहे. नीळकंठशास्त्र्यांच्या चरित्राला मात्र असा सोपा शेवट नाही. पूर्वी त्यांच्याकडे निश्चय होता. शंका आल्या त्या नंतर.

शंकांची सोबत

१८५४ साली पंजाबचे पदच्युत महाराजा दुलीपसिंग यांच्याबरोबर पंडित म्हणून ते इंग्लंडला गेले. ज्या देशातून शुभवर्तमान आले तो देश पाहण्याची त्यांना उत्कंठा होती. पण लंडनच्या रस्त्यांवर त्यांना डोंगरावरील प्रवचन कोठेच दिसेना. ऑक्सफर्डचे सुप्रसिद्ध संस्कृतज्ञ मॅक्स म्युलर यांनी नमूद करून ठेवले आहे की, या निराशेने शास्त्रीबुवांना रडू कोसळले होते आणि आपण पाहिले तेच जर ख्रिस्ती जीवन असेल, तर ते नसलेले बरे, अशी त्यांची अवस्था झाली होती. तरीही ते ख्रिस्ताला सोडून परतले नाहीत.

मायदेशी आल्यावर त्यांनी सहाही दर्शनांचा परामर्श घेणारा ‘षड्दर्शनदर्पण’ हा हिंदी ग्रंथ १८६० साली प्रसिद्ध केला. त्याचे इंग्रजी भाषांतर फिट्झएडवर्ड हॉल यांनी १८६२ साली केले. एतद्देशीय ख्रिस्ती विद्वानाने केलेले हिंदू तत्त्वज्ञानाचे असे सखोल खंडन त्यापूर्वी झाले नव्हते. परंतु दुसऱ्यांच्या दर्शनांना आरसा दाखविणाऱ्या या विद्वानाचे स्वतःचे मन स्वस्थ नव्हते. ख्रिस्ती धर्म तरी निःसंशय खरा आहे ना, या प्रश्नाने ते वारंवार व्याकूळ होत. आयुष्यभर असे झटके येत राहिले. त्यांनी ते आपल्या स्नेह्यांपासून लपविले नाहीत, हे त्यांचे मोठेपण.

खंबीर आधाराच्या शोधात ते आपल्या पहिल्या मिशनच्या परंपरेतून अँग्लिकन मंडळीतील प्राचीन परंपरा जपणाऱ्या पंथाकडे वळले. आपल्या बुद्धीवर विसंबून राहण्यापेक्षा सर्व युगांतील मंडळीची साक्ष त्यांना अधिक भक्कम वाटली. १८६८ साली त्यांना कलकत्त्यास डीकनपदाची आणि १८७० साली धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाली. पुढे काउली फादर्स या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संन्यस्त संघात ते उमेदवार म्हणून दाखल झाले. त्यांची राहणी एखाद्या संन्याशासारखीच साधी होती; पण संघाची अखेरची व्रते त्यांनी कधीच घेतली नाहीत. उंबरठ्यावर थबकणारा तो तरुण त्यांच्यात शेवटपर्यंत जिवंत होता.

आतला आवाज आणि बाहेरची साक्ष

अशा माणसाने इतरांना काय निश्चय द्यावा, असे आपल्याला वाटेल. पण देवाची कामे आपल्या हिशोबाने चालत नाहीत.

त्या काळी बंगालात ब्राह्मसमाजाचा आणि आपल्याकडे प्रार्थनासमाजाचा प्रभाव होता. ईश्वराचे ज्ञान माणसाला अंतःकरणाच्या सहज प्रेरणेने होते, त्यासाठी ग्रंथाची वा अवताराची गरज नाही, अशी ब्राह्ममताची शिकवण होती. सर्व धर्मांतील भक्तांचा निश्चय मुळात एकच, ही कल्पना याच विचारातून पुढे आली. काशीच्या एका ख्रिस्ती झालेल्या ब्राह्मणाचे पत्र, या स्वरूपात नीळकंठशास्त्र्यांनी १८६८ साली ब्राह्मसमाजियांना उत्तर दिले. त्यांचा मुद्दा सरळ होता. अंतःकरणाची प्रेरणाच जर पुरेशी असेल, तर ती प्रत्येकाला निरनिराळे का सांगते? देव पवित्र आहे, तो पिता आहे, तो पाप्यावर प्रीती करतो, हे ज्यांना सहज स्फुरलेले वाटते, त्यांना ते प्रत्यक्षात ख्रिस्ती शास्त्राच्या सहवासातून मिळालेले आहे.

पंडिता रमाबाई १८८२ साली पुण्यास आल्या तेव्हा ब्राह्ममताकडे झुकलेल्या होत्या. नीळकंठशास्त्री तेव्हा पुण्यातील पंचहौद मिशनमध्ये होते. त्यांचा सहवास रमाबाईंना लाभला. परंतु त्या वेळी त्यांचे मन वळले नाही. १८८३ साली रमाबाई इंग्लंडला वाँटेज येथे गेल्यावर शास्त्रीबुवांचे पत्र त्यांना तेथे मिळाले. ज्याला आपण ब्राह्मधर्म म्हणून कवटाळले तो वेदांतून आलेला नसून वेष बदललेला ख्रिस्ती विश्वासच आहे, हे त्या पत्राने त्यांना पटले आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतरही सुमारे आठ वर्षांनी, १८९१ साली, तारणाचा व्यक्तिगत निश्चय आपल्याला प्राप्त झाला, असे रमाबाईंनीच आपल्या साक्षीत नमूद केले आहे.

येथे क्षणभर थांबा. गुरू आणि शिष्या एकाच प्रभूचे, एकाच बाप्तिस्म्याचे. तिला पुढे जी शांती लाभली, ती त्याला तशा रूपात लाभली नाही. म्हणजे विश्वासाचा निश्चय निरनिराळ्या धर्मांत सारखा असतो का, हे विचारण्यापूर्वी तो एकाच धर्मात, एकाच अंगणात तरी सारखा असतो का, हे पाहिले पाहिजे. त्याचे उत्तर उघड आहे.

नीळकंठशास्त्र्यांची कन्या एलन लक्ष्मी ही तर दुसरेच उदाहरण. आईवेगळ्या या मुलीला निळीचा व्यवसाय करणाऱ्या एका दांपत्याने सांभाळले. १८५७ च्या धामधुमीत त्यांचे सर्वस्व गेल्यावर एका मिशनरी कुटुंबाने तिला जवळ केले आणि पुढे इंग्लंडला नेऊन वाढविले. १८८० साली ती सेवेसाठी हिंदुस्थानात परतली. प्रभूच्या सान्निध्यातील गुप्त विसाव्याविषयी तिने इंग्रजीत लिहिलेले गीत जगभरच्या मंडळ्यांनी गाइले. वादळ पित्याच्या वाट्याला आले आणि विसावा कन्येच्या. दोघांपैकी कोणाचा विश्वास खरा, असे विचारण्याचे धाडस मला तरी होत नाही.

२९ ऑक्टोबर १८९५ रोजी फादर गोऱ्हे मुंबईत प्रभूमध्ये झोपी गेले. बाप्तिस्म्यानंतरच्या सत्तेचाळीस वर्षांत त्यांच्या शंकांनी त्यांना पुष्कळदा गाठले, पण त्यांनी ख्रिस्ताची सेवा सोडली नाही.

आपण काय घ्यावे?

या जीवनाकडे पाहून आपल्या मूळ प्रश्नाचा उलगडा कसा होतो, ते आता पाहू.

पहिली गोष्ट ही की, निश्चयाची तीव्रता हे सत्याचे माप नव्हे. ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ लिहिणाऱ्या तरुणाचा निश्चय पुढच्या फादर गोऱ्ह्यांच्या निश्चयापेक्षा अधिक तीव्र होता. म्हणून आपल्या हिंदू वा मुसलमान शेजाऱ्याच्या निष्ठेला आपण कधीही हसू नये. भावना म्हणून पाहिले तर त्याची श्रद्धा आपल्याइतकीच, कित्येकदा आपल्याहून दृढ असते. हे मान्य केल्याने शुभवर्तमानाची काहीही हानी होत नाही; उलट आपला गर्व तेवढा कमी होतो.

दुसरी गोष्ट पायाची. इब्री लोकांस पत्राच्या अकराव्या अध्यायात विश्वासाची जी सुप्रसिद्ध व्याख्या येते, तिच्यातील ‘हुपोस्तासिस’ या ग्रीक शब्दाने भाषांतरकारांना नेहमीच विचारात पाडले आहे. शब्दशः पाहता त्याचा अर्थ, जे खाली उभे आहे ते. म्हणजे आपल्या मनातील खात्रीइतकाच त्या खात्रीखालचा आधारही त्या शब्दात सुचविलेला आहे. पुराच्या वेळी दोन माणसे दोन होड्यांत बसतात. एक निर्धास्त आहे, पण त्याच्या होडीचा तळ कुजलेला आहे. दुसरा थरथर कापतो आहे, पण त्याची होडी भक्कम आहे. पैलतीरी कोण पोचेल, हे त्यांच्या चेहऱ्यांवरून ठरत नाही.

यावर शेजारी म्हणेल, की आपली होडीही भक्कमच आहे. त्याचे हे म्हणणे न्याय्य आहे आणि आपल्या आवाजाची पट्टी वाढवून त्याचे उत्तर देता येत नाही. वैष्णव आचार्यांच्या परंपरेत दोन दृष्टांत प्रसिद्ध आहेत. माकडाचे पिल्लू आईला स्वतः घट्ट धरून राहते, तर मांजरीच्या पिल्लाला आईच उचलून नेते. तारण माणसाच्या धरण्याने की देवाच्या उचलण्याने, हा विचार त्या आचार्यांनीही खोलवर केला होता. तेव्हा कृपेचा शब्द फक्त आपल्यालाच ठाऊक आहे, असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही.

मग वेगळेपण कोठे आहे? ते या ठिकाणी आहे की, आपला विश्वास एका घडलेल्या घटनेला बांधलेला आहे. पंतय पिलाताच्या अमदानीत एका पुरुषाला वधस्तंभावर खिळले आणि तिसऱ्या दिवशी तो पुन्हा उठला. हे घडले असेल तर सर्व काही आहे. घडले नसेल तर काहीच नाही, असे पौलाने करिंथकरांना स्पष्ट बजावले आहे. जो विश्वास केवळ अंतःकरणाच्या अनुभूतीवर उभा असतो, त्याला बाहेरच्या प्रश्नाचा सहसा उपद्रव होत नाही. परंतु जो घडलेल्या गोष्टीच्या साक्षीवर उभा असतो, त्याला खरेच घडले काय, हा प्रश्न टाळता येत नाही. म्हणूनच थोमाने जखमा पाहू मागितल्या. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाने तुरुंगातून विचारणा केली. नीळकंठशास्त्र्यांच्या शंका या अविश्वासाच्या नव्हत्या. ज्याने आपला सारा भार एकाच खांबावर टाकला आहे, तो त्या खांबाला वारंवार हात लावून पाहतो, त्या जातीच्या त्या होत्या.

आणि तिसरी गोष्ट सांत्वनाची. गलतीकरांस लिहिताना पौल एके ठिकाणी वाक्य मध्येच सावरून घेतो. त्यांनी देवाला ओळखले, असे तो म्हणू लागतो आणि लगेच शब्द पालटतो. देवाने त्यांची ओळख करून घेतली, हे त्याला अधिक खरे वाटते. आपल्या निश्चयाचा शेवटचा आधार आपण ख्रिस्ताला किती घट्ट धरले हा नसून त्याने आपल्याला धरले हा आहे. पाण्यावर चालणारा पेत्र बुडू लागला, तेव्हा त्याच्या विश्वासाने नव्हे, तर प्रभूच्या हाताने त्याला वर काढले.

वाचकहो, आपल्या मंडळ्यांत असे कितीतरी जण आहेत, की जे उपासनेला नियमाने येतात आणि मनातील शंका कोणापाशीही बोलत नाहीत. बोललो तर आपल्याला अविश्वासू ठरवतील, ही भीती त्यांना असते. कदाचित आपणही त्यांच्यांतील एक असाल. तसे असेल तर काशीच्या या शास्त्र्याची आठवण ठेवा. प्रार्थनेत आपली शंका प्रभूपुढे मांडा, जशी भूतग्रस्त मुलाच्या पित्याने आपला विश्वास आणि आपला अविश्वास दोन्ही एकाच श्वासात मांडला होता. प्रभूने त्या पित्याला परत पाठविले नाही. त्याचा मुलगा बरा केला.

आणि ज्यांना दृढ निश्चय लाभला आहे, त्यांनी तो देणगी म्हणून बाळगावा, शस्त्र म्हणून नव्हे. शेजाऱ्याशी बोलताना आपली खात्री त्याच्यापेक्षा मोठी आहे, असे सिद्ध करू नका. आपली खात्री ज्याच्यावर आहे, त्याच्याविषयी सांगा. साक्षीदाराचे काम एवढेच असते. पुढचे काम ज्याने नीळकंठशास्त्र्यांना सत्तेचाळीस वर्षे सोडले नाही, त्याचे आहे.